घशात काहीतरी अडकलंय

जनावरांच्या डॉक्टरला नकला येत असल्या तर अर्धं काम तिथंच होतं. रेडकासारखं रेकलं की पान्हा चोरणारी म्हैस कान टवकारते. मोठ्या साहेबांच्या आवाजात खाकरलं की शिपाई औषधाचं कपाट उघडतो. लोहारा तालुक्यात नोकरीला लागलो तेव्हा लोकांनी माझ्या नकला आधी ओळखल्या, औषधं नंतर. हॉटेलात टेकलो की कुणीतरी म्हणायचंच, "डाक्टर, जरा सरपंचाचं भाषण होऊ द्या." की मी सुरू.

त्या दुपारी माकणीच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला. फोन करणाऱ्या वहिनींचा नवरा पुण्याला कंपनीत. घरात त्या, दोन लेकरं, सासरे आणि एक देवणी गाय. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीपण आबाच म्हणायचो.

"डाक्टर, गाईच्या घशात काहीतरी अडकलंय बघा. लाळ गळायलीय. वैरण तोंडात घेती आन टाकून देती. सकाळधरनं नुसती वरडायलीय."

गेलो. गाय लिंबाखाली बांधली होती. तोंडातून लाळेच्या तारा थेट जमिनीपर्यंत. आणि आवाज! हंबरडा सुरू व्हायचा नेहमीसारखा, मग मधेच फाटायचा, आणि शेवटाला फुटक्या पाइपातून हवा निघावी तसा नुसता घोगरा घरघराट. परत तेच. परत तेच. दमतच नव्हती.

"मकंत शिरली हुती परवा," आबा म्हणाले. "कणीस गिळलंय तिनं. म्या घातला हात, पर लागंना." त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं दाढेला घासून सोलली होती. वर हळद थापलेली.

मीपण घातला हात. उघडाच. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते साहेब सांगायचे, मोजा घातला की बोटांना काही कळत नाही, तोंडातलं काम उघड्या हातानंच करायचं. आमच्यात हे असंच चालतं. कोपरापर्यंत चाचपलं. कणीस नाही, काही नाही. मग सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि म्हणलं, "उद्या माझं प्रशिक्षण आहे धाराशिवला. परवा येतो."

येताना गाडीवर मी तो आवाज काढून बघितला. दोन-तीनदा बिघडला. मग जमला.

प्रशिक्षणाबद्दल काय सांगायचं. शिकायला कमी नाही कुणाला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला एखादी पीडीएफ येते, एखाद्या वेबिनारची लिंक येते, खाली सगळे अंगठा दाखवतात आणि गोठ्यात जातात. जिल्ह्याला बोलावलं की जायचं, सही करायची, मागच्या रांगेत बसायचं. सर्टिफिकेट फायलीला लागतं. आणि जेवण बरं असतं.

त्या दिवशी शिकवायला कॉलेजातनं एक मॅडम आल्या होत्या. आयुष्यभर मेलेली जनावरं फाडून कशानं मेली ते सांगणाऱ्या. आवाज एकदम सपाट, आणि एक सवय. दर दोन वाक्यांनी म्हणायच्या, "हे लिहून घ्या. नको, लिहू नका, ध्यानात ठेवा." पहिल्या अर्ध्या तासात मी त्यांना उचललं. मागची रांग तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

चहाच्या वेळेला व्हरांड्यात पोरांनी घेरलं. म्हणलं, मॅडम राहू द्या, कालची गाय ऐका. आणि काढला आवाज. हंबरडा, मग फाटका, मग ती घरघर. सगळे खदखदले.

मॅडम कप घेऊन दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता आपली काढतात.

"हा आवाज कुठं ऐकला तुम्ही?"

"काल... एक गाय होती मॅडम."

"परत काढा."

काढला. कुणी हसलं नाही. त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

"लाळ?"

"लई."

"गिळते?"

"नाही."

"मागचे पाय?"

"लटपटत होते जरा."

"मालक म्हणाला असेल घशात अडकलंय."

"हो."

"आणि तुम्ही हात घातला."

माझ्या त्याच हातात कांदाभजी होती. ती कुठं ठेवावी ते मला कळेना.

"ती पिसाळलेली असणार," मॅडम त्याच सपाट आवाजात म्हणाल्या. "कुत्रं पिसाळलं तर पोरालापण कळतं. गाय पिसाळली की डॉक्टरला कळत नाही. तिला गिळता येत नाही म्हणून मालकाला वाटतं काही अडकलंय, आणि आपण शोधायला हात घालतो. त्या लाळेतच सगळं असतं. कॉलेजात लसी घेतल्या होत्या?"

"घेतल्या होत्या."

"मग तुमचं दोन सुयांवर भागेल. अजून कुणी हात घातला?"

मी आबांची बोटं सांगितली.

"त्यांचं नुसत्या लशीवर नाही भागणार. जखमेत सिरम द्यावं लागेल. आजच. एकदा माणसाला लक्षणं दिसली की मग कुणी काही करू शकत नाही. निघा."

सही न करताच निघालो. पार्किंगमधूनच फोन लावला. म्हणलं, वहिनी, गाईच्या तोंडाला हात लावू नका, आबांची बोटं साबणानं धुवा, नळाखाली, लई वेळ धुवा. पलीकडं हसू. "आज कुणाचा आवाज काढायलाव, डाक्टर?"

गावात पोचलो तेव्हा गाईभोवती आळीतली माणसं गोळा झालेली. मी सगळ्यांना सांगायला लागलो, मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या. आणि माझी जीभ अशी की दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच आवाजात बाहेर पडतं. "हे ध्यानात ठेवा" म्हणताना हुबेहूब मॅडम. लोक हसले. हसले तसं मी अजून एकदा म्हणलं. मला थांबताच आलं नाही.

"लई कडक दिसतीया बाई," आबा म्हणाले. ते सगळ्यात जास्त हसत होते.

मग मी आवाज खाली आणला. "आबा, चेष्टा नाही ही. धाराशिवला चला माझ्याबरोबर. सुया घ्याव्या लागतेत."

"कुत्रं चावलंय का मला?"

"नाही, पण..."

"गाय तरी चावली का? म्या हात घातला तिच्या तोंडात. तिचा काय गुन्हा त्याच्यात?"

"गुन्ह्याचं नाही आबा. गाय पिसाळलीय."

"तुमीच काल म्हणला सूज हाय." मग मला एका बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आन म्या सुई घेतली म्हंजी तुमचं खरं झालं की. मग ही मेलीच म्हणायची. ती हुबी हाय आजून. बघा की."

गाय उभी होती. ओरडत होती.

घाबरले ते बाकीचे. त्या गाईच्या दुधाचा चहा आळीत सगळ्यांनी घेतलेला. मी सांगत होतो, उकळलेल्या दुधानं काही होत नाही, पण ऐकतंय कोण. टेम्पो भरला. म्हातारीकोतारी, लेकरं, एक नवी नवरीसुद्धा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मलाच विचारलं, "यातलं जखम झालेलं कोण आहे?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जखम झालेला माणूस गावात लिंबाखाली गाईजवळ बसला होता. मी माझी सुई टोचून घेतली. वहिनींनी लाळ पुसली होती, त्यांचे हात उसाच्या पाचटानं चिरलेले, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही दिली आणि धाराशिवला पाठवलं. सिरम घेऊन आल्यावर त्या सासऱ्यांच्या पाया पडल्या, रडल्या, शिव्यासुद्धा दिल्या. आबा हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाय बसली. त्याच्या पुढच्या सकाळी गेली.

खात्री करायची तर मेंदू तपासायला पाठवावा लागतो. म्हणजे डोकं कापायचं. ते माझं काम. मी दवाखान्यातून सगळं सामान आणलं. गमबूट घातले. प्लास्टिकचा झगा घातला. एकावर एक दोन मोजे. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, त्याच्यावर अजून एक प्लास्टिकची काच. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा एकदम घालत होतो. एरवी असल्या वेषात मी अख्ख्या गावाला लोळवलं असतं. त्या दिवशी कुणी आवाज काढा म्हणलं नाही, आणि मीपण काढला नाही.

आबा ओट्यावरून बघत होते. मी सुरी हातात घेतली आणि ते उठले.

"त्या दिवशी उघड्या हातानं आला हुता तुमी," ते म्हणाले.

"हो आबा."

त्यांनी आपल्या बोटांकडं बघितलं. मग आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात धुतलेला सदरा होता, डोक्याला टोपी. "माझ्यासमोर कापू नका तिला," म्हणाले. "मी वेशीत थांबतो. झालं की चला."

मी चार दिवस समजावत बसलो असतो तरी ते आले नसते. मला घाबरलेलं बघितल्यावर आले.

धाराशिवला सोलल्या बोटांत सिरम टोचलं. बोटात जागा कुठली असती? औषध आत जाताना बोट फुगत होतं. आबांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "यायला उशीर झालाय थोडा. पण राहिलेल्या सगळ्या सुया घ्या, एकही चुकवू नका." मी बाहेर येऊन विचारलं, आता धोका किती? ते म्हणाले, "बहुतेक वाचतील. पण काही महिने लक्ष ठेवा. पाणी गिळता येईना झालं तर कळवा. म्हणजे, कळवून तसा उपयोग नाही."

गाईचा रिपोर्ट आला. मॅडमचं खरं निघालं.

पुढं मॅडमनी मला फोन करून तो आवाज मागितला. मी खोलीत दार लावून काढला, रेकॉर्ड केला, पाठवला. त्यांनी खाली चार ओळी लिहून तो आमच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर कुणी खरंच उघडून बघितलेली ती पहिली गोष्ट असेल. काही दिवसांनी जळकोटकडच्या एका डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "म्हैस होती, पण आवाज तुझाच. मोजे घालूनसुद्धा हात घातला नाही."  "बरं केलं" म्हणलं.

पण आबांचं काय, हे मला सुटंना. त्या गावाला काम असो नसो, माझी गाडी तिकडं वळायची. ओट्यावर बसायचो. इकडचं तिकडचं बोलायचो. आणि मग, जसं काही सहजच, "वहिनी, पाणी द्या की. आबांनापण द्या."

पहिल्या-दुसऱ्या वेळेला आबांच्या ध्यानात आलं नाही. मग आलं. मी गेलो की तेच हाक मारायचे, "सूनबाई, तांब्या आण. इन्स्पेक्टर आलाय." माझ्यासमोर तांब्या तोंडाला लावायचे, घटाघटा प्यायचे, आणि तोंड उघडून दाखवायचे. "गेलं. बघा. बॅटरी आणलीय का?"

मी हसायचो. हसता हसता सदऱ्यावर पाणी सांडलंय का तेपण बघायचो.

एकदा असाच गेलो. आबांनी तांब्या घेतला, एक घोट घेतला, आणि थांबले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोळे बाहेर आले. पाणी ओठांतून सदऱ्यावर सांडलं. एक हात नरड्याला, दुसरा हवेत. घशातून घरघर.

  मी ओट्याच्या खाली मातीत बसलो. आतून वहिनी धावत आल्या, दोन्ही लेकरं दारात दगडासारखी उभी.

मग आबा हसले. खोकत, पाणी उडवत, पोट धरून हसले. "काय? तुमालाच येतंय व्हय सोंग?"

 इतकी चांगली नक्कल मी आजपर्यंत बघितलेली नाही. म्हणजे त्यांनी हे मनात किती वेळा करून बघितलं असेल. रातच्याला, एकटं पडल्यावर, पाण्याचा तांब्या उशाला ठेवून.

वहिनींनी लेकरांना आत ढकललं आणि माझ्या मागं गाडीपर्यंत आल्या.

"डाक्टर, राग मानू नका. तुमी येऊ नका आता."

"मी फक्त..."

"मला म्हाईत हाय. तुमच्या जिवाला लागतंय. पर तुमी आला की घरातलं समदं मानूस त्यांच्या नरड्याकडं बघतंय. बारकं लेकरू पानी पिताना बी रडायलंय. जे व्हायचं ते हुईल. आमाला जरा इसरू द्या."

मी गाडीला किक मारली.

तेव्हापासून गेलो नाही. सुया सगळ्या झाल्यात, हे आरोग्य केंद्रातून कळलं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने अजून सरले नाहीत. त्या गावचा फोन आला की मी लगेच उचलत नाही, आधी एकदा वाजू देतो. कुणाची तरी शेळी असते, कुणाची म्हैस अडलेली असते. मी जातो, काम करतो, पण आबांच्या आळीत शिरत नाही.

गेल्या बाजारी आबा मला फाट्यावरच्या हॉटेलात दिसले. समोर बशी होती, बशीत चहा. मी गाडी हळू केली. त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर मारली. पिली की नाही ते बघायला मी थांबलो नाही.