पाटीतला मोठा गोटा

गावचा इतिहास छापतोय, एक पान तू लिही, असा चुलतभावाचा फोन आला, तेव्हा मी बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये भाजीसाठी परवल चिरत होते. बँकेनं कोलकात्याला पाठवलं तेव्हा आईलाही घेऊन आले. शेजारची जुनी इमारत पाडत होते, विटा कोसळल्या की आई दचकायची.

"गोट्यांच्या दिवसावर लिही," तो म्हणाला. "आपल्या पूर्वजांचा पराक्रम!"

डोंबलाचा पराक्रम! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या अलीकडची आमची वाडी आणि पलीकडची वाडी एकमेकांवर दगड फेकायच्या. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. सोयरिकी ह्याच दोन वाड्यांत. आदल्या दिवशी ज्या मेहुण्याला पुरणपोळी वाढली, दुसऱ्या दिवशी त्याचंच डोकं फोडायचं आणि वर मिशीला पीळ द्यायचा. आणि गोटे कोण वेचणार? बायका. सकाळी ओढ्यात उतरून पाट्या भरायच्या, स्वतःच्याच माहेरावर फेकायला.

माझी आई मुठीएवढेच गोटे वेचायची. मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी बाबांनी पाटी बघितली आणि चारचौघांत तिच्या कानाखाली आवाज काढला.

"सुपाऱ्या वेचल्यास काय? माहेरचा पुळका आलाय?"

आईचा ओठ फुटला. ती परत ओढ्यात उतरली, पांढऱ्या रेघेचा नारळाएवढा गोटा घेऊन आली आणि पाटीत सगळ्यांत वर आपटला. "घ्या," म्हणाली.

दुपारी बाबांनी तोच उचलला. समोरच्या काठावर माझा धाकटा मामा शिव्या देत, हसत नाचत होता. गोटा त्याच्या कपाळावर बसला. मामा गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पाण्यात पडला. ओढा लाल झाला. आई चिखलातून धावली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही वाड्यांना तळतळून शिव्या देत राहिली. संध्याकाळी मामा गेला. पाय घसरून पडला, असं सगळ्यांनी ठरवलं. मला विचारलं, तेव्हा मीही मानेनंच हो म्हटलं. त्याची लाज अजून वाटते.

फोन स्पीकरवर होता. "फक्त तुझ्या मामाचं नको हं," चुलतभाऊ म्हणाला. "पाय घसरला, असंच राहू दे. काका गेले, आता त्यांचं नाव कशाला खराब करायचं?"

माझं डोकंच सणकलं. पण मी तोंड उघडायच्या आत आईनं फोन ओढून घेतला.

"तुझ्या काकांनी मारलं. सगळ्या गावानं बघितलंय. छापायचं तर ते छाप."

तिकडून फोन बंद झाला. मी हात धुतले, कागद घेतला आणि झरझर लिहून काढलं. चाळीस वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडलं, फार बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं.

"गोटा कुणी वेचला, ते कुठंय?"

"अगं आई, त्यांनी तुला मारलं होतं. तुझा काय दोष?"

"एवढा मोठा गोटा माहेरच्याच कुणाला तरी लागणार, हे मला ठाऊक होतं. तरी रागानं आणला. लिही."

ती माझ्याकडे बघत बसून राहिली. शेवटी मी लिहिलं, गोटा आईनं वेचला होता.

आईला फक्त सही येते. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीखाली एकेक अक्षर जोडत सही केली.