दीडशे किलोचा घड

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवापुढंही नाही. तिथं मुलांच्या परीक्षा आणि आईचे गुडघे एवढंच मागते आणि मुकाट्यानं उठते. तुम्हालाच का सांगतेय, ते माझं मलाच कळत नाही.

मी आमच्या गावातल्या लालबाग वस्तीत गणिताची शिकवणी घेते. मॅडमचा हात लागला की पोर पास, असं लोक म्हणतात. ऐकून बरं वाटतं—आणि मग वैशाली आठवते.

दहावीत आम्ही एका बाकावर बसायचो. ती चांदनी गावाहून रेल्वेनं यायची. घरी केळीची बाग, त्यामुळं कापणी आली की हिची शाळा बुडालीच. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मी घोकून घोकून पहिली यायचे, ती कशीबशी पास व्हायची. तरी एकदा सर भर वर्गात म्हणाले, डोकं वैशालीचं आहे, तुझं नुसतं पाठांतर. एवढंच. एवढ्यावरून कोणी कोणाचा जन्म बिघडवतं का?

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली. वारंवारता सारणीवरून सरासरी काढायचा धडा तिचा कापणीत बुडाला होता, आणि त्यावर प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सोपं जावं म्हणून मी केळीचंच उदाहरण घेतलं—किती किलोचे किती घड. प्रत्येक वजनाला घडांच्या संख्येनं गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे. इथवर बरोबर सांगितलं. मग भागायचं असतं एकूण घडांच्या संख्येनं. मी सांगितलं, सारणीत ओळी किती आहेत तेवढ्यानं भाग. पाच ओळी, म्हणून पाचनं.

चुकून नव्हे. मला चांगलं येत होतं.

उत्तर आलं दीडशे किलो. तिनं पेन खाली ठेवलं. "दीडशे किलोचा घड? झाडच मोडून पडेल ना गं!" बागेतली पोर ती, तिच्या लक्षात आलंच. तेव्हा तरी जीभ चावून, अगं चुकले, असं म्हणता आलं असतं. मी काय म्हटलं?—हे कागदावरचे घड आहेत, गणितात असंच असतं. ती हसली. पुस्तक उघडून बघितलंसुद्धा नाही, इतका तिचा माझ्यावर भरवसा.

ती गणितात नापास झाली. जेवढे गुण कमी पडले, तेवढ्याच गुणांचा तो प्रश्न होता. पास झाली तर शिकेल, नाहीतर लग्न, असं वडिलांनी आधीच बजावलं होतं. पूरक परीक्षेचं नावही कोणी काढलं नाही. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तिचं लग्न झालं. मी त्या लग्नात मागून मागून जिलेबी खाल्ली.

आता तिचा नवरा इथंच पॉवरलूमवर आहे, ती चार घरच्या पोळ्या करते. तिची मुलगी माझ्याकडंच शिकायला येते. गेल्या महिन्यात मी तोच धडा घेतला, तर पोरीनं सरळ ओळींनी भागलं. कोणी शिकवलं? तर म्हणे आईनं, घरी. वर्ग हसला. पोरीचे कान लाल झाले. आणि मी—मी म्हटलं, आईला विसर पडला असेल गं बेटा.

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. आवाज ओशाळलेला. पोरीला भलतंच शिकवून बसले म्हणाली, माझं डोकं पहिल्यापासूनच जाड. मग विचारलं, "मलाच उलटं याद राहिलं ना गं? तू तर सही शिकवलं होतं?"

मी हो म्हटलं.