तेलात न तडतडलेली मोहरी

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काही मानत नव्हते, आजही मानत नाही. पण रत्नागिरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, ऐंशी सालानंतरच्या एका भर दुपारी, जे घडलं ते घडलं. हसायचं त्याने हसावं.

मला तिसरा महिना होता. हे मुंबईला नोकरीला. जाऊबाईंच्या मुलाच्या अंगावर बारीक लाल पुरळ उठलं आणि मी त्याला कडेवर घेऊन फिरवलं. इस्पितळातले एक डॉक्टर तेव्हा गरोदर बायकांचं रक्त तपासत होते. पोराला बघून मला म्हणाले, "हा जर्मन गोवर. तुम्हाला आधी होऊन गेला असेल तर भीती नाही. नसेल, तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला धोका." पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेणार, मगच कळणार.

माझी आई शपथेवर सांगत होती, हिला गोवर कधी आलाच नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मग थांबायचं कशाला? आंधळं पोर कोण सांभाळणार, तुझा तो डॉक्टर? शुक्रवारी इस्पितळात चल नि पोट पाडून मोकळी हो."

मी मान खाली घालून हो म्हटलं. मोठ्यांना उलट बोलायची माझी छातीच नव्हती.

गुरुवारी डाळीला फोडणी घालत होते. तेलातून धूर निघत होता, मोहरी टाकली... एक दाणा तडतडला नाही. आणि पाठीमागून बाईचा आवाज आला — "फोडणी नको गो घालू. पोरीला गोवर आलाय."

घरात गोवर असला की फोडणी घालत नाहीत, हे मलाही माहीत. वळून पाहिलं — कोणी नाही. पडवीत तांदूळ निवडणाऱ्या जाऊबाई ओरडल्या, "कोण गो आलंय? माझा तर पोरगा, तो कधीच बरा झाला! पोरीला म्हणजे कोणाला?" घरात दुसरी पोर नव्हतीच; रात्री अंथरुणात मला वाटलं, ती पोर म्हणजे लहानपणची मी.

शुक्रवारी सासूबाई चपला घालून उभ्या. मी म्हटलं, "मी येणार नाही."

"डोकं फिरलं काय?"

"फिरलं तर फिरलं. मला गोवर येऊन गेलाय."

"कोणी सांगितलं?"

जाऊबाई पुटपुटल्या, "मीपण ऐकलं, आई."

सासूबाईंनी चपला काढल्या, आणि ठरल्या दिवशी मी दुसऱ्यांदा रक्त देऊन आले.

डॉक्टरांनी लॅबमध्ये मला बारीक खळग्यांची प्लास्टिकची थाळी दाखवली. त्यात जर्मन गोवराच्या मेलेल्या विषाणूंचा अर्क, माझ्या रक्तातलं पाणी आणि पक्ष्याच्या तांबड्या पेशी. "तुमच्यात अँटीबॉडी, म्हणजे रोग होऊन गेल्यावर रक्तात उरणारं संरक्षण, नसत्या तर या पेशी चिकटून पसरल्या असत्या. इथे खाली ठिपका बसलाय, म्हणजे त्या आहेत. दोन्ही वेळच्या रक्तात सारखाच, म्हणजे गोवर जुना. पुरळ न उठताही होऊन जातो."

रक्ताचं उत्तर मिळालं. बाकीचं मी त्यांना विचारलं नाही. भास म्हणाले असते... एकीला होतो भास, दोघींना?

मुलगी झाली. सासूबाई तिला उजेडात धरून डोळे बघत बसायच्या. मी बघू द्यायचे.

तो आवाज कोणाचा, मोहरी गप्प का बसली — मला आजही ठाऊक नाही. पण "मी येणार नाही" म्हणणारा आवाज माझा होता, आणि तेव्हा रिपोर्ट आलेला नव्हता.