लेकीची अंडी

केंब्रिजच्या प्रयोगशाळेत डोरीन पीचीचं तारुण्य सूत्रकृमी नावाच्या बारीक जंतांमागे गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली वाकायचं, तारेच्या टोकाने एकेक कृमी उचलायचा आणि ज्याची अंडी फुटत नाहीत तो बाजूला ठेवायचा. अखेर तसा एक सापडला. अंड्यातल्या पेशी वाढत, पण आतडं धरतच नसे. त्याच्या जागीही कातडीच. आई मात्र धडधाकट. कुठल्या पेशीने आतडं व्हायचं हा हुकूम आईनेच अंड्यात ठेवायचा असतो. तो देणारं जनुकच बिघडलं होतं.

जनुकाला नाव द्यायचा मान पहिल्यांदा शोधणाऱ्याचा. डोरीनने नाव मनात ठरवूनही टाकलं. तेवढ्यात चहाच्या वेळी नवी आलेली हिलरी म्हणाली, "अगं, तश्शीच अंडी माझ्याकडे महिनाभर पडलीत!"

डोरीनचा जळफळाट झाला. आल्या आल्या घबाड! वर घरून केक करून आणायची, तोही सगळ्यांना आवडणारा. रविवारी चॅपेलमध्ये डोरीन देवाची स्तुती गात होती, पण डोळ्यांपुढे हिलरीचा हसरा चेहराच.

"दोन्ही वाणांचा संकर करून बघ," त्यांचे प्रमुख माल्कम म्हणाले. दोन्हीकडचा दोष घेऊन आलेल्या लेकीची अंडी फुटली, तर दोष वेगवेगळ्या जनुकांत; जनुकं दोन आणि डोरीनचं तिचं वेगळं. मेली, तर जनुक एकच आणि मान हिलरीचा.

अंडी मेली. शेजारच्याच काचेच्या बशीत साध्या, निरोगी कृमींची पिल्लं वळवळत होती. डोरीनने बोट ओलं करून बशीवरची खूण पुसायला घेतली. दोन बशांच्या खुणा बदलल्या की लेकीची अंडी फुटली असंच दिसलं असतं. पण ती लेक उद्याही मेलेलीच अंडी घालणार होती. देवाला तर आजच दिसत होतं. बोट थबकलं.

"फुटली का गं?" हिलरी दारातूनच म्हणाली.

"नाही. एकच जनुक आहे. घे, तुझंच."

हिलरीने तिला मिठीच मारली. "म्हणजे खरंच आहे! एकटं माझंच होतं तेव्हा माल्कम म्हणायचे, योगायोग असेल. आता दोघींचं झालं. नाव तूच ठेव बाई, मला काही सुचत नाही."

एवढा जपलेला मान, आणि ही तो केकच्या तुकड्यासारखा पुढे करते! जराही जळत नाही, याचंच डोरीनला जास्त लागलं.

चहाला माल्कमनी विचारलं, "मग नाव काय?"

डोरीनने मनात ठरवलेलं नाव सांगितलं. हिलरीने टाळ्या वाजवल्या आणि केकची बशी पुढे केली.

"नको," डोरीन म्हणाली, "आज पोट भरलंय."