विजयाबाईंच्या बिया

आमच्याकडे सीताफळ खाणाऱ्याला विजयाबाईंचा जाच असे. तो मुकाट्याने खात बसायचा आणि ह्या समोर वाटी धरून. "सावकाश खा, पण बी चावू नका हं, आणि टाकू तर मुळीच नका." एका बारशाला पंगत उठल्यावर पदर खोचून त्यांनी चक्क पत्रावळींतल्या फणसाच्या आठळ्या वेचल्या. घरधनीण मेल्याहून मेल्यासारखी झाली! शेवटी मीच म्हटलं, "ऱ्हवांदे गो, त्येंचा शिक्षणच तसा आसा."

बाई घाटावरच्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि वालावलच्या अलीकडे आमच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायच्या. माणूस एकटा, नवरा फार लवकर गेलेला. खळ्यात माझी कोकमं वाळत, त्यांच्या शेजारी बाईंची सुपं: जांभूळ, फणस, रामफळ, सीताफळ. बिया वाळवायच्या, कुटायच्या, कॉलेजात त्यांचा अर्क काढायचा. तो अर्क मग बाहेरगावी मोठ्या प्रयोगशाळेत जाई. तिथे कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात आणि त्यांच्यावर तो घालून बघतात. हे मला त्यांनीच जेवताजेवता समजावलं. "सीताफळाच्या बीत जोर आहे, काकी. पण बशीत मेलं म्हणजे माणसात मेलं, असं नव्हे." हे त्यांचं पालुपद.

आम्ही ती बी उवांवर वापरतो. कुटून तेलातून केसांना लावायची, तीही डोळे फडक्याने घट्ट बांधून, कारण डोळ्यात गेली तर डोळा कामातून जायचा. म्हणजे तिच्यात विष आहे हे आम्हाला काही नवीन नव्हतं. पण माणूस भ्यालं, की ठाऊक असलेलंही विसरतं.

माझी धाकटी जाऊ शालू. तिच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरचीच. डॉक्टरांनी गोव्याला मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं, आणि ही हटून बसली. "माका कापून घेवचा नाय. बाईंच्या बशीत ता मरता मां? मग माका पावडर देवा." बाई नाही म्हणाल्या. तेव्हा शालू उठली आणि गेली देवळात कौल लावायला. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने विचारलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान बियेची पावडर घेवची काय?"

उजवी पडली.

बाई तिथेच हात जोडून उभ्या होत्या. म्हणाल्या, "देव हो म्हणाला असेल. पण डबा माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही."

काय तो गहजब! "देवापेक्षा मोठी झाली काय ही?" शालूने तर अबोलाच धरला. बाईंना जेवण जाईना. मला म्हणाल्या, "काकी, मी न देऊन काय होणार? घरोघर सीताफळी आहे. ती आपली आपण कुटून खाईल हो." एवढ्या शिकलेल्या बाई, पण आवाज अगदी लहान झाला होता.

मग एके सकाळी त्या न्हाऊन स्वतःच देवळात गेल्या. मला आणि शालूला बळेच सोबत नेलं. गुरवाला म्हणाल्या, "आता माझा कौल लावा. विचारा, मी शालूला इस्पितळात नेते, पाठीशी राहशील का?" पाकळी हलेचना. गुरव पुन्हा पुन्हा गाऱ्हाणं घालतोय. आणि पडली, उजवीच.

"घ्या!" शालू म्हणाली. "देव दोघांकय होय म्हणता. आता करूचा काय?"

"दोन्ही ऐकू. आधी इस्पितळ, मी येते बरोबर. डॉक्टर झालं म्हणाले, की पावडर मी माझ्या हाताने देईन."

शालू गेली. ऑपरेशन झालं, मग ती औषधं, ओकाऱ्या. दर खेपेला बाई रजा काढून तिच्या वांगडा, एसटीत अगदी शेजारी. केस गेले तेव्हा शालू टकलावरून हात फिरवत म्हणते कशी, "बाईनू, उवांची चिंता तेवढी मिटली बघा!" बाई हसल्या आणि हसताहसताच त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाई आता नाहीत. गेल्या शिमग्यात झोपेतच गेल्या. पण मला त्या दिसतात त्या एका संध्याकाळच्या. शालूचे केस परत आले होते, डॉक्टर म्हणाले होते की आता नुसतं तपासून जात जा. ती बाईंच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाईनू, पावडर?"

बाई म्हणाल्या, "प्रयोगशाळेतून कळलंय, शालू. त्या बीने वाईट पेशी मारल्या आणि चांगल्याही तशाच मारल्या. मी शब्द दिला होता, तो मोडते. देवापुढे काय उत्तर द्यायचं ते मी देईन."

शालू उंबऱ्यावर टेकली. "तुमी देवचे नाय, ह्या माका पयल्यापासून ठावक होता."

"मग एवढं सगळं सोसायला आलीस कशाला?"

"तुमी वांगडा येतंय म्हणालात, म्हणान."