शिबिरवाल्यांना पांढरं कार्ड

‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,’ असं फोनमधली बाई म्हणाली की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. दोन हजार सालानंतर नाशकात जो तो मोबाईल घेऊन फिरायला लागला आणि कंपन्या, बँका, विमेवाले सगळे एकदम मला ‘आपण’ म्हणू लागले. बायको म्हणते, गोड बोलतायत ना, मग तुम्हाला का टोचतं? टोचतं. कारण कोणाला ‘आपण’ म्हणायचं आणि कोणाला ‘तू’, हा धंदा मी स्वतः पगार घेऊन केलेला आहे.

नव्वदीच्या मध्यावर मी पंचवटीतल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कारकून होतो. ऑपरेशनची तारीख ठरली की पेशंटला पोस्टानं कार्ड जायचं. कार्डं दोन तऱ्हेची. पैसे भरणाऱ्यांसाठी पांढरं, जाड कागदाचं. त्यावर छापलेलं असायचं: ‘सप्रेम नमस्कार. आपली शस्त्रक्रिया खालील दिवशी योजिली आहे. कृपया सकाळी आठ वाजता उपाशीपोटी येण्याचे करावे. तसदीबद्दल क्षमस्व.’ खेड्यापाड्यांत आम्ही फुकट तपासणीची शिबिरं घ्यायचो, तिथल्या पेशंटसाठी पिवळं. त्यावर: ‘तू खालील दिवशी सकाळी आठ वाजता उपाशीपोटी हजर राहा. न आल्यास पुन्हा तारीख मिळणार नाही. जबाबदारी तुझी राहील.’ नाव आणि तारीख तेवढी मी पेनानं भरायचो.

मला त्या पिवळ्या कार्डाची चीड होती. माझे आजोबा आयुष्यभर वांगी-मेथी पिकवून बाजारात विकत आले. त्यांना असं कार्ड आलं असतं तर, हा विचार मनातून जायचा नाही. तसं ‘तू’चं मला वावडं नाही. आमच्यात आईला तू, आजीला तू, देवालाही तूच. पण ते घरातलं. सत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशा छापखान्यानं ‘तू’ म्हणायचं, हे कुठलं घरपण?

एकदा मी व्यवस्थापकांना तसं बोललो. हे गृहस्थ खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून बोलायचे. “अहो, विनंती केली की हे लोक विचार करत बसतात. हुकूम केला की येतात. तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत.” आणि वर हसले. त्यांच्या त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, शिबिराच्या गाडीत कधी पाय ठेवला नव्हता.

त्याच महिन्यात वणीकडच्या एका गावात शिबिर झालं. तिथं एक म्हातारी आली. डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, उजव्याचा दाब चढलेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हिचं नाव यादीत पहिलं घाला, हा डोळा वाचवायचा असेल तर थांबून चालणार नाही. ऑपरेशन करणारे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदाच यायचे, त्यांची तारीख कळल्यावर कार्डं निघायची. तोवर घालायला तिला थेंब दिले. म्हातारी माझ्या हाताला धरून म्हणाली, “तू लिहिलंस ना रं माझं नाव? इसरू नको हां. सून बोलती लय, पर निदान तिचं तोंड तरी दिसू दे मला.” मी म्हटलं, “नाही विसरणार, आजी. तुला पत्र येईल.”

तारीख कळली आणि मी त्या शिबिराच्या अकराच्या अकरा जणांना पांढरी कार्डं लिहिली. कोणाला न विचारता. म्हातारीच्या नावामागे ‘श्रीमती’ आणि पुढे ‘यांसी’ लावलं, अक्षर घोटून काढलं. पोस्टाच्या पेटीत कार्डं टाकताना मला वाटलं, चला, एक तरी काम आयुष्यात सरळ झालं. त्या दिवशी गोदाघाटावर जाऊन मी ऐटीत भेळ खाल्ली.

ऑपरेशनच्या दिवशी, सोमवारी, अकरांतले चार आले. म्हातारी त्यांत नव्हती.

व्यवस्थापकांना कार्डांचा पत्ता लागला. त्यांनी सगळ्या स्टाफसमोर मला उभं केलं. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मान दिलात ना? मिळाला मान?” मी उलट बोललो, बरंच बोललो, पण तोंड कडू पडलं होतं. ते लोक का आले नाहीत, हे मला खरोखरच कळत नव्हतं.

रविवारी एसटीनं वणी गाठली, तिथून जीपनं गाव. म्हातारी दारात बसून मेथी निवडत होती. पानं चाचपून काड्या वेगळ्या काढत होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वर केली, पण मी उभा होतो तिकडे नव्हे, गोठ्याकडे. “कोण हाय?”

मी नाव सांगितलं.

“चार दिस झालं,” ती म्हणाली. “डोकं असं ठणकलं, उलट्या झाल्या. पित्त म्हनलं. तवापासनं समदं धुरकट. तारीख आली का रं माझी? लय वाट पाहिली.”

“आजी, कार्ड आलं नाही तुला?”

“आलं व्हतं एक. पोस्टमननं वाचलं. आपण, किरपा करून, अन् काय काय. नमस्कार बी व्हता त्यात, अन् नावाला श्रीमती.” ती हसली. “म्या म्हनलं, बाबा, हे माझ्याच नावाच्या कुन्या बंगल्यावालीचं हाय, चुकून आमच्यात आलं. माझ्या नणंदेला गेल्या साली आलेलं पिवळं, सरळ ‘हजर राहा’ लिहिलेलं. आमचं तसलं येतं. हे परत ने, म्हनलं, कुनाची तरी खोटी व्हायची. तो घेऊन गेला.”

न आलेल्या सातांपैकी आणखी दोघं त्याच गावचे, त्यांनीही तेच केलं होतं. एकानं तर कार्ड सरपंचाकडे पोचवलं होतं, नाव चुकून माझं पडलंय, हे तुमचंच असेल म्हणून. इतकी वर्षं ‘तू, तू’ करून आम्ही त्यांना त्यांची जागा अशी पक्की शिकवली होती की मानाचा कागद दिसला की ती माणसं इमानानं परत करायची. मला व्यवस्थापकांचा गळा धरावासा वाटला. त्याहून जास्त माझा स्वतःचा.

तिला आणि तिच्या मुलाला घेऊन मी तसाच नाशिकला आलो. सोमवारी सकाळी आमच्या डॉक्टरांनी तपासलं. बॅटरी मारली, दाब मोजला, पुन्हा मोजला. मग कागदावर काहीतरी खरडलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. ऑपरेशननं आता ठणका थांबेल, म्हणाले, दृष्टी यायची नाही. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारीला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं. कार्डाचंही सांगितलं, न राहवून.

तिनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

“म्हंजे ते माझंच व्हतं?”

“हो, आजी. मीच लिहिलं होतं.”

“तुला ठावं व्हतं, मला वाचता येत नाय,” ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. “एवढं मानाचं लिहित बसलास. त्यापरीस एक डाव येऊन तोंडानं का नाय सांगितलंस?”