परब मॅडमनी शिकवलेलं ओरडणं

परब मॅडम आज सकाळी गेल्या.

अर्ध्या लालबागच्या मुलींना मारामारी शिकवणाऱ्या मॅडम झोपेतच, गुपचूप गेल्या. हे त्यांना अजिबात शोभलं नाही.

मी आठवीत असताना आमच्या शाळेत दर शनिवारी त्यांचा सेल्फ-डिफेन्सचा क्लास असायचा. आम्हाला वाटलं, आता उड्या, लाथा, विटा फोडणं.

मॅडम म्हणाल्या, "लाथ नंतर. आधी ओरडा."

आम्ही चाळीतल्या मुली. नळावर भांडताना आमचा आवाज परळपर्यंत जायचा. पण त्या हॉलमध्ये एकीच्याही तोंडून शब्द फुटेना.

मग त्यांनी शाळेचे शिपाई हरीभाऊ यांना समोर आणलं. "हिचं मनगट धरा."

हरीभाऊ बिचारे इतके लाजले की दोन बोटांनीच धरलं. मी हात सोडवला आणि म्हणाले, "सॉरी, हरीभाऊ."

मॅडम खवळल्या.

"सॉरी कोण म्हणणार? ज्याने धरलं तो! परत!"

घसा बसेपर्यंत "हात सोड!" चाललं होतं. शेवटी शेवटी हरीभाऊ खरंच सॉरी म्हणायला लागले.

त्याच वर्षी, गणपतीत. मागच्या जिन्यात मंडळाचं सामान रचलेलं, म्हणून मी पुढच्या जिन्याने उतरत होते. त्या जिन्याशेजारीच राहणाऱ्या, आमच्याच चाळीतल्या एका गृहस्थांनी वाट अडवली आणि कमरेला हात घातला.

मंडळातले ज्येष्ठ. घराघरांतल्या पोरांचे काका.

मी ओरडले. सगळी चाळ बाहेर आली.

"पोरीचा तोल जात होता, सावरायला गेलो," काका म्हणाले.

सगळ्यांना पटलं. वर असं ठरलं, की संध्याकाळच्या आरतीला मी सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडून माफी मागायची. मोठ्या माणसाचा अपमान झाला होता ना!

आईने मॅडमना फोन केला. तोही झापायला.

"काय शिकवून ठेवलंय तुम्ही पोरींना? आमका ह्याच चाळीत रवाचा हा!"

थोड्या वेळाने मॅडम दारात. हातात स्कूटरचं हेल्मेट.

आईने रागारागातच चहा दिला. तो त्यांनी घेतला. मग मला म्हणाल्या, "तू सांग. काय झालं?"

तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं आणि ढसाढसा रडले.

मग त्या आईकडे वळल्या. "वहिनी, एरवी ही त्या जिन्याने जाते?"

"नाय. मीच सांगते, मागच्या जिन्याने जा म्हणून."

"का?"

आई पुसलेला ओटाच परत पुसत राहिली.

मॅडमनी कप विसळून ठेवला आणि त्या तिथेच बसून राहिल्या.

खाली टाळ वाजायला लागले. आई उठली, गॅलरीत गेली आणि वरूनच ओरडली,

"माझी पोरगी माफी मागणार नाय! कोणाला काय बोलायचंय ते वर येऊन माझ्याशी बोला!"

वर कोणी आलं नाही.

नंतर कित्येक दिवस आमच्याशी कोणी धड बोललं नाही. शेजारून येणारी फराळाची ताटं बंद झाली. आईला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण काका पुन्हा कुठल्याच मुलीच्या वाटेत उभे राहिलेले दिसले नाहीत.

मॅडमनी त्याबद्दल मला शाबासकीसुद्धा दिली नाही. पुढच्या शनिवारी म्हणाल्या, "चल, आता लाथ शिकू."

आज फोनवर आईला बातमी सांगितली. ती म्हणाली,

"त्या दिवशी त्या आल्या नसत्या ना, तर मी तुका खाली धाडलंच असतं गो."

मला हे माहीत होतं. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

मॅडम, तुम्ही आलात.

तुमच्या लालबागच्या मुलींचा शेवटचा नमस्कार.